धरणावरचा डबा

"धरणावर सापडलेल्या त्या डब्यात शेवटी निघालं काय?"

आत्मारामबुवांनी हे विचारलं, तेव्हा विश्वंभर गावंडे मठाच्या पायरीवर बूट काढत होता. दुसरा बूट ओढून काढत तो म्हणाला,

"गळ, दोरा आणि पिठाचे गोळे. कुणी मासे धरणारा विसरून गेला होता."

"तुला कधी कळलं?"

"डबा सापडला त्याच दुपारी. पोलिसांनीच सांगितलं."

"आणि भाषणात?"

विश्वंभरने बूट उचलून भिंतीकडेला ठेवले.

भाषणात तो बारा दिवस बॉम्बच सांगत होता. धरण उडवायला माणसं आली होती, ती अजून आसपासच्या गावांत फिरताहेत, असं सांगत होता. त्याआधी तो नळाच्या पाण्याबद्दल बोलायचा, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगबद्दल बोलायचा, तेव्हा सतरंजी निम्मी रिकामी राहायची. आता मैदान पुरत नव्हतं. मतदान चार दिवसांवर आलं होतं आणि तो निवडून येणार, हे विरोधकसुद्धा खासगीत मान्य करत होते.

मग आज मठात कशाला आलो, हे त्याचं त्यालाच धड सांगता येईना. लहानपणी आठ वर्षं तो बुवांपाशी शिकला होता. संध्याकाळी झोळी घेऊन गावात माधुकरीला जायचा. तो दाराशी पोचायच्या आधीच आतून हाक यायची, "आला का रे इस्वंभर?" आता हजारो लोक त्याच्या नावाच्या घोषणा देत. पण बोलता बोलता त्याच्या लक्षात यायचं, की लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. त्याच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याने कोण येतंय ते बघताहेत.

यातलं काही त्याला सांगता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "बुवा, खरं सांगितलं तर मी पडतो. आणि नाही सांगितलं तर..."

बुवांनी झोळी खांद्याला अडकवली.

"चल. आज गुडघा दुखतोय, सोबत ये."

बंदोबस्ताचे दोन पोलीस मागे निघाले. बुवांनी त्यांना मठातच बसून पाणी घ्यायला सांगितलं. विश्वंभरने मान हलवली, तेव्हा ते थांबले.

दिवस मावळला नव्हता, तरी गल्लीत माणूस दिसेना. ओटे रिकामे. पहिलं घर अनसूयामायचं. आठही वर्षं त्याच्या झोळीतली पहिली भाकर तिची असायची. कवाडाला आतून कडी होती. बुवा बाजूला झाले आणि त्यांनी नुसत्या मानेने विश्वंभरला पुढे जायला सांगितलं.

त्याने कवाड वाजवलं.

"कोन व्हय?"

"माय, मी विश्वंभर. मठातला."

आत काहीतरी जड सरकलं. कवाडामागे पाटा लावला असावा.

"इस्वंभर आता मोठा साहेब झाला. तो कायले येते पायी?"

"मीच आहे, माय. आवाज ओळख ना."

"ओयखीचा आवाज आला तरी उघडू नका, असं त्यानंच सांगतलं हाय."

ते खरं होतं. परवाच्या सभेत त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या.

त्याने कपाळ कवाडाला टेकवलं. फटीतून चुलीचा धूर आला, भाजणाऱ्या भाकरीचा वास आला. मग अगदी खालच्या आवाजात तो बोलू लागला. डब्यात बॉम्ब नव्हता, मासे धरायचं सामान होतं. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गावात कुणी आलेलं नाही, माय... कुणीच नाही.

आतून तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज आला.

"आयक बापा," माय म्हणाली, "तू कोनी बी अस, पन इस्वंभर नाई. तो असं बोलतच नाई. जाय आता."

विश्वंभर वळला. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. बुवा रिकामी झोळी घेऊन गल्लीच्या मधोमध उभे होते.

"बुवा, खोटं बोललो तेव्हा तिने ऐकलं," तो म्हणाला. "आज खरं बोललो, तर तिने मला ओळखलंसुद्धा नाही."

बुवांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीतल्या बंद दारांवरून नजर फिरवली...

"इतकं हळू का बोललास?"