पेंढ्याच्या शिपायांची भाकरी

एक होता राजा. त्याचा गड एवढासा आणि फौज त्याहून एवढुशी. तीही निम्मी तापानं पडलेली. नेमका तेव्हाच शत्रू गडाखाली येऊन बसला. म्हणाला, गड घेईन, कुणाला जिवंत ठेवणार नाही. असा मेला दुष्ट!

मग राजानं युक्ती काढली. "पेंढ्याचे शिपाई करा नि तटावर उभे करा. खालून बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे." मग बायकांनी पेंढा बांधला, अंगरखे चढवले. खऱ्या शिपायांनी आपली पागोटी काढून त्यांना घातली. एकट्या हैबती शिपायानं आपलं दिलं नाही. त्याचं पागोटं लग्नातलं. बायकोनं, सकवारनं, त्याला आतून लाल ठिगळ लावलं होतं.

ही सकवार तटावर भाकरी वाटायची. त्या गडाची एक रीत होती, बरं का. भाकरीवर चिमूटभर मीठ ठेवायचं आणि म्हणायचं, "या मिठाला जाग रे बाबा." मग शिपायानं खायचं. हैबती मात्र रोज कुरकुरायचा, "मीठ कमी पडलं गं!" सवयच त्याची.

पहिल्या दिवशी शत्रूनं वर पाहिलं. तट माणसांनी भरलेला! तो घाबरला. दुसऱ्या दिवशी त्याला शंका आली. एवढी माणसं, मग चुलींचा धूर एवढासाच कसा? राजाच्याही ते ध्यानात आलं. मग सकवारनं चुलींमागून चुली पेटवल्या. भाकऱ्यांचा ढीग पडला. आता अन्न टाकायचं कसं? मग तिनं पेंढ्याच्या शिपायांपुढेही भाकरी ठेवली, वर मीठ ठेवलं, आणि सवयीनं म्हणून गेली, "या मिठाला जाग रे बाबा." इथंच सगळा घोळ झाला.

संध्याकाळी बघते तो भाकऱ्या गायब! कावळ्यांनी नेल्या म्हणावं, तर पेंढ्याच्या मिशांना भाकरीचा चुरा कसा? मला नका विचारू. सकवारलाही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी असं धुकं पडलं की आपला हात आपल्याला दिसेना. राजा तटावर आला. पागोटेवाल्या एकाला म्हणाला, "शाबास, ताठ उभा आहेस!" तो निघाला पेंढ्याचा. बोडक्या एकाच्या खांद्यावर त्यानं आपला शेला टांगला. तो शिंकला! हैबतीच्या शेजारी एकाचं डोकं उघडंच राहिलं होतं. पेंढ्याचा की खरा, त्याला कळेना. पण गारठा केवढा! मग हैबतीनं लग्नातलं पागोटं त्याला घातलं.

मग शत्रू चढला. पेंढा असेल तर पेटेल, म्हणून त्यानं जळते बाण सोडले. पुढचं मात्र नीट कुणालाच सांगता येत नाही. कुणी म्हणतं, पेंढ्याचे शिपाई वाऱ्यानं खाली पडले. कुणी म्हणतं, उतरले. तलवार मारली तर रक्त नाही, नुसता पेंढा उडतोय, आणि तरी गडी पुढं येतोच आहे! शत्रू इतका गोंधळला की आपल्याच माणसांना झोडपून पळत सुटला. त्या गडबडीत एक जळता बाण हैबतीवर आला. कुणीतरी मधे पडलं.

धुकं विरलं. पेंढ्याचे शिपाई आपापल्या जागी उभे. एक तेवढा नव्हता. तिथं राख होती आणि अर्धं जळलेलं पागोटं. आतून लाल ठिगळ.

सकवारनं ते उचललं आणि मटकन खालीच बसली. फार रडली बिचारी. पण शिपाई उपाशी होते. मग डोळे पुसून ती भाकरी वाटायला उठली. एकापुढे ठेवली, दुसऱ्यापुढे ठेवली. तिसरा कोपऱ्यात बसलेला, बोडका, अंगभर पेंढा. माणूस आहे की नाही, तिला कळेना. तरी तिनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली, वर मीठ ठेवलं.

त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "आज पण मीठ कमीच गं!"

"अहो!" सकवार ओरडली. "मग पागोटं?"

"दिलं एकाला. उघडा होता बिचारा."

सकवार उठली. तिनं एक भाकरी घेतली आणि त्या राखेपाशी ठेवली. वर मीठ मूठभर घातलं.

मग तापकरी बरे झाले, राजा, सकवार, हैबती सगळे सुखानं राहिले. आणि खरा शिपाई कुठला नि पेंढ्याचा कुठला? मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला स्वप्नात कळलं तर सकाळी मला सांगा. ओढा ती गोधडी आता.