जीपला नवी बॉडी बसली

गाड्या आपापसात बोलत आणि माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करत, त्या काळातली ही गोष्ट. घाटाखालच्या धोंडिबा ढेब्यांची एक जुनी जीप होती. इंजिन ठणठणीत, पण बॉडी इतकी गंजलेली की बसणाऱ्याला पायाखालचा रस्ता दिसायचा.

इंजिन रोज कुरकुरायचं, "म्हातारे, तुझा पत्रा सुटेल म्हणून मालक मला डोंगरावर नेत नाहीत. नवी बॉडी येऊ दे, मग बघ माझी चढाई."

"चढ बाबा, माझी कुठे ना आहे?" म्हातारी बॉडी म्हणायची.

शेवटी नवी बॉडी बसली. नारळ फुटला, हार चढला. हिरवा रंग असा चकचकीत, की बघायला आलेल्या बायका त्यात बघून केस सारखे करू लागल्या. सीटवरचं प्लास्टिक कुणी काढायचं नाही, असं धोंडिबांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन हौसेनं घुरघुरलं, "चला, डोंगरावर."

"आणि करवंदीच्या काट्यांनी ओरखडे पडले तर?" नवी बॉडी म्हणाली. धोंडिबांनाही तेच वाटलं. त्यांनी जीपवर ताडपत्री घातली आणि दूध घालायला पायी निघाले.

आठवड्याभरानं दारावरून बैलगाडी गेली. गाडीत म्हातारी बॉडी होती.

"कुठे निघालीस गं?" ताडपत्रीखालून इंजिनानं विचारलं.

"डोंगरावर. एका धनगरानं शेळीच्या करडांना आडोसा म्हणून नेलंय मला. तू कधी येतोयस?"

इंजिन म्हणालं, "मालक म्हणतात, वरपर्यंत डांबरी रस्ता झाला की."