सरकारांचा खांदा आणि एकच बंदूक

“एकच बंदूक! तिनंच रानडुक्कर पडलं पाहिजे आणि तिनंच चांदमारीच्या फळीवरचा काळा ठिपका फुटला पाहिजे! उद्या सकाळपर्यंत तिच्या नळीचा बोअर ठरव, नाहीतर शिलेखान्याच्या किल्ल्या ठेव आणि चालू लाग!”

कडेगिरीच्या राजेसाहेबांचा हा हुकूम ऐकून लखू शिकलगारानं घर गाठलं आणि बायकोला सारं सांगितलं. वीस वर्षं तो सरकारांच्या शिलेखान्यातल्या बंदुका पुसत होता. सरकारांची अडचण साऱ्या संस्थानाला ठाऊक होती. बावीस बोअरच्या चिमुकल्या बंदुकीनं ठिपका हमखास फुटे, पण त्या गोळीला डुक्कर कसलं दाद देतंय! आणि मोठी, तीनशे पंच्याहत्तर बोअरची उचलली, की गोळी भलतीकडं आणि डुक्कर आपल्या वाटेनं.

“आता काय करणार वो?” बायकोनं विचारलं.

“मला काय कळतंय? माझ्यासारख्या भित्र्याला बंदुका पुसायला ठेवलंय, उडवायला न्हाई! बार उडायच्या आदीच माझं डोळं मिटत्यात...”

लखू बोलता बोलता थांबला. अरेच्चा!

सकाळी चांदमारीवर त्यानं मोठी बंदूक भरून सरकारांच्या हाती दिली. सरकारांनी नेम धरला, चाप ओढला. खट्! बार उडालाच नाही. नळी मात्र वीतभर खाली गेली होती आणि सरकारांचे डोळे गच्च मिटलेले! दिवाणजी घाईघाईनं आभाळातले ढग बघू लागले.

“रिकामं काडतूस? आमची थट्टा करतोस?”

“थट्टा माझीच हुती, सरकार, रोज घरी!” लखूनं हात जोडले. “ह्या दुखण्याचा जुना रोगी मी. दणका बसायच्या आदीच अंग चोरतो. फरक एवढाच, माझ्या हातात बंदूक कोण देत न्हाई!”

“मग औषध काय?”

लखूनं मधली, दोनशे पंच्याहत्तर बोअरची बंदूक पुढं केली. “ही डुकराला पुरती आन् खांद्याला सोसती. बोअर डुकराला बघून न्हाई, आपल्या खांद्याला इचारून ठरवायचा, सरकार!”

पाच गोळ्या सुटल्या, पाचही ठिपक्यात! दिवस कलायच्या आत ओढ्याकाठी डुक्करही पडलं.

“म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं!” सरकारांनी कपाळावर हात मारला. “इतकी वर्षं डुकरांना आम्हीच अभय देत होतो तर!” बोटातली अंगठी काढून त्यांनी लखूला दिली. “शिलेखाना जन्मभर तुझा! पण आता या मोठ्या बंदुकीचं काय करायचं?”

“पुढच्या महिन्यात पाहुणे राजे शिकारीला येणार हायती न्हवं? त्यांना भेट द्या, सरकार. मग रानातली समदी डुकरं आपलीच!”

सरकार पोट धरधरून हसले, आणि बंदुकीला रेशमी गोंडा बांधायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथं दिला.