खंडेनवमीचा उताणा माऊस

शेपटीवाल्या माऊसचं राज्य नुकतंच बुडालं होतं, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका छापणाऱ्या द्वारकाकाकूंच्या टेबलावर एक वायरलेस माऊस कीबोर्डला ऐकवायचा, “आपल्याला कुणाचा आधार लागत नाही! एक सेल लागतो, तेवढाच. आणि तो रिसीव्हर. आणि हां, कुणीतरी ढकलावं लागतं.”

खंडेनवमीला काकूंनी हत्यारांची पूजा मांडली. कात्रीला टिळा लावला, कीबोर्डवर मूठभर अक्षता टाकल्या. आपला मान सगळ्यांत मोठा हवा म्हणून माऊस टुणकन उताणा झाला आणि पोटावरचा लाल डोळा मिरवू लागला. काकूंना तेच कपाळ वाटलं. त्यांनी ओलं कुंकू तिथेच थापलं.

दसऱ्यानंतर दुकान उघडलं, तर पडद्यावरचा बाण जागचा हलेना. कीबोर्डवर ‘च’ उमटेना, त्यामुळे पत्रिकेतली नवरी काही ‘चि. सौ. कां.’ होईना. काकूंनी सेल बदलला, रिसीव्हर काढून पुन्हा खोचला. पण छे!

“जळलं मेलं! जुने शेपटीवालेच काढते, हे दोघं जाऊ देत भंगारात.”

माऊसची पाचावर धारण बसली. तो ओरडला, “काकू, या खादाडानं दातांत तांदूळ धरलेत! यालाच टाका!”

काकूंनी कीबोर्ड उपडा करून झटकला. अक्षता भुरभुर पडल्या, ‘च’ उमटला. मग माऊसची पाळी आली. काकूंनी त्याला उलटा करून पदराने कुंकू पुसलं, तसा बाण धावू लागला.

“बघितलंस? खादाडपणा नडला तुला,” माऊस म्हणाला.

“माझ्या दातांत तांदूळच होते रे बाबा,” कीबोर्ड म्हणाला, “तुझ्या तर डोळ्यात मान गेला होता!”