सामानापाशी कोण आहे?

एकदा एका शिष्याने मे महिन्यातल्या एका दिवसाचं असं चोख नियोजन केलं, की ऐकणाऱ्याने त्याची पाठच थोपटली असती. मीही थोपटली असती. पण पुढे काय झालं ते कळलं आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. तेव्हा सांगताना आवाज चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी चालेल.

शिष्याचं नाव निरंजन. हा काही आश्रमातला बटू नव्हे. चांगला चाळिशीचा, बायकामुलांचा माणूस. एका कारखान्यात कोणतं काम कोणत्या यंत्रावर कधी चढवायचं याचं वेळापत्रक आखणं हा त्याचा व्यवसाय. प्राथमिक शाळेत ज्या गुरुजींनी त्याला गणित शिकवलं, त्यांच्याकडे तो अजून जायचा, वाकून नमस्कार करायचा, आपलं काही चांगलं झालं की सांगायचा. गुरुजी आता काठी घेऊन चालत, पण डोळ्यांतला वर्गशिक्षक निवृत्त झालेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मुलांनी हट्ट धरला होता. शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी जे मोठं पार्क आहे, पाळण्यांचं आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचं, तिथे जायचंच. सुट्टीतली गर्दी ती! अर्धा दिवस रांगेत जातो आणि उरलेला अर्धा पुढची रांग शोधण्यात, अशी लोकांची रड. निरंजनने मात्र मनावर घेतलं. मोबाइलवर पार्कचा नकाशा उघडून तो गुरुजींना समजावून सांगू लागला.

"रविवार टाळला, गुरुजी. तिकिटं घरूनच काढली. फाटक उघडायच्या आधी आपण फाटकाशी. सगळे लोक आत शिरल्याबरोबर पहिल्याच पाळण्यापाशी थांबतात, आपण थांबायचं नाही. थेट शेवटच्या टोकाला जायचं आणि तिथून उलटं यायचं. मोठ्या रांगांचे खेळ सकाळी, ऊन चढलं की पाण्यातले. जेवण सगळ्यांच्या आधी. एक मिनिट वाया जाणार नाही."

"उत्तम," गुरुजी म्हणाले. मनापासून म्हणाले. "आणि सामान? कपडे, डबे, फोन? ते घेऊन पाण्यात कसे उतरणार?"

"त्याची काय चिंता? आई आहे ना!" निरंजन हसला. "आणि गुरुजी, तुम्हीही चला की. तेवढीच आईला सोबत."

हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचा. आईला सोबत! म्हणजे आई दिवसभर एका झाडाखाली बसणार हे त्याने ठरवूनच टाकलं होतं. आता तिला कंटाळा येऊ नये म्हणून शेजारी गुरुजींची स्थापना करायची होती. आणि हे सगळं इतक्या प्रेमाने, की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं! गुरुजी म्हणाले, "येतो."

ठरलेल्या दिवशी पहाटे गाडी निघाली. पुढे निरंजन आणि त्याची बायको शलाका, मधे गुरुजी आणि निरंजनची आई कुमुदिनीबाई, मागे दोन्ही मुलं. उजाडता उजाडता हमरस्त्यावरून पार्कमधला प्रचंड आकाशपाळणा दिसला आणि कुमुदिनीबाई काचेला नाक लावून बघू लागल्या.

"अगबाई, केवढा हा! आमच्या जत्रेत लाकडी असायचा. भावंडं सगळी बसायची. मी खाली थांबायचे, सगळ्यांच्या चपला सांभाळत. एकदा तरी बसायचं होतं बघा." मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "निरू, आपण जायचं का रे त्यात?"

"छे गं आई! त्यात काही मजा नाही. रांग ही एवढी, आणि मिळतं काय? एक फेरी, तीही संथ. तो आपण प्लॅनमधून काढूनच टाकलाय."

"हो का? मग राहू दे," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी काचेवरून नाक काढलं.

खरं सांगायचं तर सकाळ अगदी प्लॅनप्रमाणे पार पडली. श्रेय द्यायचं तिथे दिलंच पाहिजे. फाटक उघडलं, लोंढा पहिल्या पाळण्याशी अडकला, ही मंडळी सरळ टोकाला पोहोचली आणि लोक येईपर्यंत दोन-तीन मोठे खेळ उरकून मोकळी झाली. वाटेत एका गुलमोहराखाली बाक होता. तिथे कुमुदिनीबाई बसल्या, शेजारी गुरुजी. पिशव्या आल्या, सॅक आली, डबे आले, चपला आल्या. पाण्याकडे जाताना सगळ्यांचे फोन, पाकिटं, गाडीची किल्ली, अगदी कुमुदिनीबाईंचा स्वतःचा फोनसुद्धा लाल सॅकमध्ये गेला. बाईंनी सॅकचा पट्टा आपल्या पायात अडकवून घेतला. सवयीनेच. असा पट्टा पायात अडकवून बसलेली बाई आपल्यापैकी प्रत्येकाने फलाटावर, लग्नाच्या हॉलमध्ये, देवळाबाहेर पाहिलेली आहे. पाहिलेली म्हणजे तिच्यापाशी पिशवी ठेवून आपण पुढे गेलेलो आहोत!

"ताई, तुम्ही नेहमीच सामानापाशी बसता का?" गुरुजींनी विचारलं.

"कोणीतरी बसायला हवंच ना, गुरुजी. जागा सोडली की काही खरं नाही." त्या हसल्या. "पुतणीच्या लग्नात दागिन्यांच्या खोलीत होते. अंतरपाट कधी दूर झाला कळलंच नाही. वाजंत्री ऐकून तिथूनच अक्षता टाकल्या, भिंतीवर. कोकणात गेलो होतो, तेव्हा पोरांनी सामान ठेवलं माडाखाली. समुद्र पाठीमागे राहिला माझ्या. आता सामानाकडे बघायचं की समुद्राकडे?"

तक्रार म्हणून नव्हे हो, गंमत म्हणून सांगितलं त्यांनी! मला विचाराल तर याचाच संताप येतो. माणूस ओरडला असता, निदान एकदा पाय आपटले असते, तर घरातल्यांना कळायची थोडी तरी आशा होती. ही बाई हसते आणि हसत हसत समुद्राकडे पाठ करून बसते. मग आपण सगळे खुशाल म्हणतो, आईला ना, बसायलाच आवडतं!

गुरुजी काठी टेकून उठले आणि त्यांनी बाईंच्या पायातला पट्टा सोडवला. सॅक पाठीला लावली, पिशव्या एका हातात घेतल्या.

"अहो गुरुजी, काय करताय?"

"सामान सुरक्षित जागी देतो. डबे आणि चपला तुम्ही घ्या. चला."

"पण पोरं जेवायला इथेच येणार..."

"येऊ देत," गुरुजी म्हणाले, आणि तो वर्गातला आवाज ऐकून कुमुदिनीबाई मुकाट्याने उठल्या.

जेवणाच्या वेळी निथळत्या अंगाने मंडळी गुलमोहराखाली आली, तर बाकावर दुसरंच कुटुंब पुरी-भाजी खात बसलेलं.

"सामान कुठे गेलं?" निरंजन ओरडला.

फोन सगळे त्या सॅकमध्ये, त्यामुळे फोन करायची सोय नाही. गाडीची किल्ली तिच्यातच. बाकावरची माणसं म्हणाली, आम्ही आलो तेव्हा इथे कोणी नव्हतं. कोणीतरी सांगितलं, फाटकाजवळ हरवलेल्या वस्तूंची खिडकी आहे. निरंजन अनवाणीच धावत सुटला. मागून शलाका, मागून पोरं.

खिडकीतल्या बाईंना त्याने धापा टाकत सांगायला सुरुवात केली. "लाल सॅक, ताई, डाव्या बाजूची चेन तुटलेली, तिथे सेफ्टी पिन आहे. एक निळी कापडी पिशवी, बंद विणलेले. डब्याची पिशवी चौकटीची..." बोलता बोलता त्याला आतली फळी दिसली. सगळं तिथे नीट मांडून ठेवलेलं. "हेच! हेच आमचं!"

बाईंनी सामान पुढे सरकवलं. त्याने सॅक उपडी केली. फोन होते, पाकीट होतं, किल्ली होती. निरंजनचा जीव भांड्यात पडला.

"चला रे, मिळालं सगळं. फार वेळ नाही गेला. पटकन जेवून घेऊ, प्लॅन अजून हातात आहे."

"सगळं मिळालं?" आतून आवाज आला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, काठीवर हनुवटी टेकून गुरुजी बसले होते.

"गुरुजी! तुम्ही आणून दिलंत होय? हो, सगळं मिळालं. देवाची कृपा!"

"नीट मोज."

निरंजनने पुन्हा पिशव्या चाचपल्या. "आहे, गुरुजी. काही गेलेलं नाही."

"पुन्हा मोज."

तो पुन्हा पिशव्या मोजू लागला. शेवटी शलाकानेच त्याचा दंड धरला. "अहो," ती म्हणाली, "आई कुठे आहेत?"

खिडकीतल्या बाईंनी लगेच माईक जवळ ओढला. त्यांचं ते रोजचं काम. "आजी हरवल्यात का? वर्णन सांगा. साडी कोणत्या रंगाची?"

तुटलेली चेन सांगणारा निरंजन, विणलेले बंद सांगणारा निरंजन आता बायकोकडे बघू लागला. "हिरवी... बहुतेक," शलाका पुटपुटली. पोरांनी माना खाली घातल्या.

"अबोली," गुरुजी म्हणाले. "ठेवणीतली आहे. पार्क बघायचं म्हणून नेसल्या होत्या. आणि त्या हरवलेल्या नाहीत, म्हणून मी इथे स्वस्थ बसलो आहे. निरंजन, तुझ्या नियोजनात एक मिनिट वाया गेलं नाही, मान्य. कारण वाया जायचा तो सगळा वेळ तू एका माणसाच्या नावावर लिहून टाकलास. शेजारच्या घरातून एक उसना घेतला की तिथला एक कमी होतो, हे वजाबाकीत मीच तुला शिकवलं. तू जन्मभर आईच्या घरातून उसना घेत आलास आणि तिथला आकडा कधी खोडलाच नाहीस. म्हणून तुझं उत्तर एवढं छान येतं. चुकलेलं आहे ते!"

"पण गुरुजी, सामान हरवलेल्या वस्तूंत का दिलंत?"

"सामान असेपर्यंत त्या उठल्या नसत्या. आणि तू धावत येशील तेव्हा आधी काय मागशील, ते मला ऐकायचं होतं. माझा अंदाज चुकावा असं फार वाटत होतं रे." ते थांबले. "जा. आकाशपाळण्याच्या रांगेत आहेत."

निरंजनने सामान उचललं आणि तो धावला, मागून शलाका आणि पोरं. या वेळी काय शोधायचं ते त्याला ठाऊक होतं. अबोली रंग दुरूनच दिसला. रांग संपत आली होती. कुमुदिनीबाई अगदी पुढे पोहोचल्या होत्या आणि कुठल्याशा दोन अनोळखी बायकांशी टाळ्या देऊन हसत होत्या. पाळण्याचं दार उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर मुलावर गेली.

"अरे निरू, तू इकडे? जेवलात का? आणि सगळेच आलात, मग सामानापाशी कोण आहे?"

असं म्हणत ती माउली दोरीखालून वाकून रांगेबाहेर यायला निघालीसुद्धा! इतक्या वर्षांनी पाळण्याचं दार समोर उघडलेलं, आणि तिचा एक पाय बाहेर. मागची माणसं पुढे सरकू लागली.

"मी आहे, आई!" निरंजन ओरडला. पिशव्या खांद्यावर असतानाच त्याने तिचा हात धरून तिला परत आत केलं. "मी बसतो सामानापाशी. तू जा."

"आणि तुझा प्लॅन?"

"जा गं आई," तो म्हणाला.

"आजी, चला, चला!" पाळण्यावरचा माणूस हाक देत होता. कुमुदिनीबाई पदर खोचून आत बसल्या.

निरंजन रस्त्याच्या कडेला सामान ठेवून बसला. डोक्यावर ऊन होतं. करण्यासारखं काहीच नव्हतं. माणसं समोरून हसत, ओली होऊन, एकमेकांना ओढत जात होती, आणि पिशव्यांजवळ बसलेल्या माणसाकडे एकही जण बघत नव्हता. फेरी संथच होती. ती किती वेळ चालते हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

खाली उतरल्यावर कुमुदिनीबाई लगबगीने त्याच्यापाशी आल्या. चेहरा लाल झालेला, केस विस्कटलेले. पण पहिलं वाक्य रागावूनच आलं.

"वरून बघत होते मी! सारखा माझ्याकडे मान वर करून बसला होतास. सामान सगळं पाठीमागे. कोणी उचलून नेलं असतं म्हणजे?"

"नेऊ दे, आई," निरंजन म्हणाला.

दूर काठीवर रेलून उभे असलेले गुरुजी तेव्हा कुठे हसले.

सुट्ट्या लागल्या आहेत, तुमचेही बेत आखून झाले असतील. खुशाल पहाटे निघा, रांगा चुकवा, वेळ वाचवा. पण "तुम्ही जा, मी बसते सामानापाशी" असं घरातलं कोणी म्हणालं, तर एवढ्या पटकन "बरं" म्हणू नका.