लाल झालेला झरा

खूप वर्षांपूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात विहीर नव्हती, कारण जमिनीखाली सगळा कातळ. पण डोंगराच्या पोटातून बारमाही एक झरा वाहायचा आणि आख्खं गाव त्याच्यावर जगायचं. झऱ्यापाशी देवीचं छोटंसं देऊळ होतं. पाणी देवी देते असं लोक मानत आणि पहिला हंडा भरताना हात जोडत.

गावाची गुरं डोंगराच्या माथ्यावर चरत. गोठेही तिथेच होते. त्या माथ्यावर, झाडीत, एक मोठं भगदाड होतं. पावसाचं पाणी चहूबाजूंनी वाहत येई आणि त्यात गडप होई, म्हणून लोक त्याला गिळणी म्हणत. ते पाणी पुढे कुठे जातं, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

पूर्वी गिळणीभोवती दाट रान होतं. मग कुणी कोळशासाठी झाडं तोडली, कुणी घराच्या वाशांसाठी. रान गेलं आणि गिळणीचं तोंड उघडं पडलं. मेलेलं जनावर दूरच्या माळावर नेऊन ठेवायची रीत होती. तिथे गिधाडं त्याचा निकाल लावत. पण माळ लांब होता. एकदा एकाचा बैल गोठ्यातच मेला, तेव्हा त्यानं तो ओढत नेऊन गिळणीत ढकलून दिला. बैल दिसेनासा झाला, गावात वासही आला नाही. लोकांना ते सोयीचं वाटलं. तेव्हापासून गावाला जे नको असेल ते गिळणीत जाऊ लागलं.

एका वर्षी गुरांत साथ आली. पुष्कळ जनावरं मेली आणि सगळी गिळणीत गेली. पावसाळा सुरू झाला, आणि मग माणसं आजारी पडू लागली. जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी आटून जायचं. आधी लहान मुलं गेली, मग म्हातारी माणसं.

गावात एक वैद्य होता. मोठ्या शहरात राहून शिकून आलेला. हुशार होता आणि मनानं वाईट नव्हता. कधीही बोलावलं तरी यायचा. पण औषध कशाचं आणि कशासाठी, हे तो कधी सांगायचा नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तुला कळायचं नाही ते. तू घे म्हणजे झालं."

वैद्याच्या लक्षात आलं, की डोंगरापलीकडे मेंढपाळांची जी घरं होती तिथे कुणीच आजारी नव्हतं. ते लोक नदीचं पाणी पीत. तो माथ्यावर गेला. गिळणीच्या काठावर आडवा होऊन त्यानं कान लावला. खाली खोलवर पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. वर जो वास आला, त्यामुळे त्याला तोंडावर उपरणं धरावं लागलं.

खाली येऊन त्यानं लोकांना सांगितलं, "झऱ्याचं पाणी उकळून प्या."

"का हो वैद्यबुवा?" लोकांनी विचारलं.

"सांगितलं तेवढं करा."

पावसात सरपण ओलं होतं. देवीचं पाणी चुलीवर चढवायचं, तेही का ते माहीत नसताना, हे कुणाच्या मनाला पटलं नाही. कुणी उकळलं नाही.

वैद्यानं ठरवलं, आधी खात्री करून घ्यायची. त्याच्याकडे मंजिष्ठेच्या मुळ्या होत्या. त्या उकळल्या की गडद लाल रंग निघतो. त्यानं मोठी कढई चढवली. बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं बेत सांगितला. ती म्हणाली, "मग पाटलांना सांगा. चार माणसं बरोबर न्या, त्यांनाही बघू दे."

"त्यांना समजावत बसलो तर तोवर साथ गाव संपवेल," वैद्य म्हणाला. "आणि समजावूनही कळणार आहे का? आधी मी बघतो, मग पाटलांना एकट्याला सांगतो."

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो रंगाचे हंडे गाढवावर लादून माथ्यावर गेला. कुणी नाही असं पाहून त्यानं सगळा रंग गिळणीत ओतला आणि लगबगीनं खाली उतरून झऱ्यापाशी जाऊन बसला.

ऊन चढलं तशी झऱ्याच्या पाण्यात लाल रेघ उतरली. बघता बघता सगळं पाणी लाल झालं. वैद्याचं काळीज आनंदानं धडधडलं. त्याचं बरोबर होतं. गिळणीत जातं तेच झऱ्यातून येतं.

पण तोवर गुरव पूजेला आला होता. त्यानं लाल पाणी पाहिलं आणि तो गुडघ्यांवर बसला. "आई, कुंकू दिलंस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याचा सख्खा भाऊ घरात अंथरुणाला खिळला होता. त्यानं शंख फुंकला. गाव धावत आलं. देवीनं साथ घालवायला कुंकवाचं तीर्थ दिलं, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. बायका घागरी आणि लोटे घेऊन आल्या.

त्यांच्यात अनशी होती. ही बाई लोकांचं भात कांडून पोट भरायची. नवरा वारला होता, एक मुलगी होती, शेवंती. शेवंतीला आदल्या रात्रीपासून थोडा ताप होता, बाकी काही नव्हतं. अनशीनं लोटा भरला आणि वळली, तर समोर वैद्य.

"अनशी, हे पाणी पोरीला देऊ नकोस," तो हळूच म्हणाला.

"का?"

आजूबाजूचे लोक बघू लागले. गुरवानंही मान वळवली. रंग मी टाकला, हे शब्द वैद्याच्या जिभेवर आले होते. पण ते सगळे ओले, हात जोडलेले चेहरे त्यानं पाहिले, आणि त्याला वाटलं, आता बोललो तर देवीची थट्टा केली म्हणून हे मला इथेच ठेचतील. दुपारी पाटलांना सांगू, असंही वाटलं.

"उकळून दे," तो एवढंच म्हणाला.

"तीर्थ कुणी उकळतं का, वैद्यबुवा?" अनशी म्हणाली आणि लोटा पदराखाली धरून घराकडे गेली.

वैद्य त्या दुपारी पाटलांकडे गेला नाही. संध्याकाळीही गेला नाही. संध्याकाळपर्यंत झऱ्याचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागलं होतं, पण तीर्थ घरोघरी पोचलं होतं. आजारी माणसांना ते चमच्यानं पाजलं गेलं. धडधाकट माणसांनीही भक्तीनं प्यायलं. पलीकडच्या मेंढपाळांच्या घरीही कुणी भांडंभर नेऊन दिलं.

मग साथ वाढली. मेंढपाळांची मुलंही आजारी पडली. गुरवाचा भाऊ गेला. शेवंती गेली. स्मशानातली राख थंड व्हायच्या आत दुसरी लाकडं रचावी लागत होती.

शेवंती गेल्यावर वैद्य अनशीच्या दारात आला. ती उखळापाशी उभी राहून भात कांडत होती. घरात दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अनशी, तो रंग मी टाकला होता," वैद्य म्हणाला.

मुसळ थांबलं नाही.

"मी गिळणीत टाकला. तो झऱ्यात आला. गिळणीतलं पाणीच आपण पितो, याची मला खात्री करायची होती."

आता मुसळ थांबलं. अनशीनं ते भिंतीला टेकवून ठेवलं. "म्हणजे आपण गिळणीत टाकतो तेच पितो?" ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्या हातात लोटा होता. तुम्ही समोर होता."

"हो."

"मी 'का' म्हणून विचारलं होतं."

"हो."

वैद्याला वाटलं, आता ती शिव्याशाप देईल. पण अनशी म्हणाली, "मला तुमचं खरं वाटत नाही. आजवर तुम्ही कुणाला काही सांगितलं नाही. आज सांगताय ते मी का मानू? मी माझ्या डोळ्यांनी बघणार."

"मी पुन्हा रंग टाकतो. सगळ्यांसमोर."

"रंग नको. रंग दिसला की लोक पुन्हा हात जोडतील. देवी कधी देणार नाही असं काहीतरी टाकायला हवं." तिनं उखळाशेजारच्या ढिगाकडे पाहिलं. "तूस टाकू. भाताचं तूस कुणी तीर्थ म्हणून पिणार नाही. आणि टाकणार मी. तुम्ही झऱ्यावर लोकांच्या मधोमध बसायचं, हात दिसतील असे."

अनशी घरोघर गेली. जे ऐकलं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. पाटलांना इतका संताप आला, की वैद्याला झाडाला बांधायला ते माणसं पाठवत होते. अनशी म्हणाली, "बांधा, पण आधी बघू. तो खोटं बोलत असेल तर खोट्यासाठी बांधा."

गुरव म्हणाला, "देवीची परीक्षा घेऊ नये, बाई."

"परीक्षा देवीची नाही, गुरवदादा," अनशी म्हणाली. "वैद्याची आहे."

लोक देवळापाशी जमले आणि कधी नव्हे ते गिळणीविषयी बोलू लागले. म्हातारा कुंभार म्हणाला, "वाऱ्यानं उडून तूस झऱ्यात पडलं तर? मग कसं ओळखायचं?" लोक एकमेकांत तर्क करू लागले. शेवटी तोच म्हणाला, "डोंगरातून पाणी बाहेर येतं त्या भोकालाच फडकं बांधू. आतून येईल तेवढंच अडकेल." गुरवानं आपलं पूजेचं धूतवस्त्र काढून दिलं. पाटलांनी सांगितलं, "तूस केव्हा टाकायचं ते वरच्यांनीच ठरवावं. खालच्या कुणाला कळता कामा नये." वैद्य हे सगळं ऐकत कोपऱ्यात उभा होता. त्याला एवढं सुचलं नव्हतं.

अर्धं गाव पोती घेऊन अनशीबरोबर माथ्यावर गेलं. अर्धं झऱ्यापाशी बसलं. वैद्य मधोमध बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. गुरवानं आणि कुंभारानं फडकं घट्ट ताणून बांधलं.

खूप वेळ नुसतं पाणीच येत राहिलं. मग कुंभार खाली वाकला. फडक्यावर काहीतरी काळपट, बुळबुळीत साचत होतं. त्यानं बोटानं उचलून उन्हात धरलं. ते केस होते. आखूड, ताठ, जनावरांच्या अंगावरचे. तूस अजून आलंच नव्हतं.

एका बाईनं आपली भरलेली घागर जमिनीवर उपडी केली. थोड्या वेळानं फडकं फुगू लागलं आणि त्या केसांवर पिवळं तूस येऊन चिकटायला लागलं. मूठभर, मग ओंजळभर.

"मी रोज हे पाणी देवीला घालत होतो," गुरव म्हणाला. तो देवळाच्या पायरीवर बसून राहिला. लोकांनी त्याला हात धरून घरी नेलं.

ज्याचे दोन मुलगे गेले होते, त्या माणसानं वैद्याच्या तोंडात मारली. वैद्यानं हात वर केला नाही. त्या माणसाला अडवायला कुणी लगेच पुढे आलंही नाही.

अनशी वरून आली तेव्हा लोक बाजूला झाले. तिनं फडक्यातलं तूस हातात घेतलं, त्यातले केस पाहिले. मग ती दगडावर बसली आणि शेवंती गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

त्या दिवसापासून गाव नदीवरून पाणी आणू लागलं आणि उकळून पिऊ लागलं. कुणाला सांगावं लागलं नाही. तरी जे आधीच अंथरुणाला खिळले होते, त्यांतले बरेच वाचले नाहीत. पावसाळा सरल्यावर माणसं दोर बांधून गिळणीत उतरली. सगळ्यात आधी वैद्य उतरला. जेवढं निघालं तेवढं वर काढून दूर माळावर पुरलं. पण खोलवर जे गेलं होतं ते कुणाच्या हाती लागलं नाही. झऱ्याचं पाणी निवळायला पुढचे कित्येक पावसाळे जावे लागले. गिळणीभोवती लोकांनी दगड रचून गडगा घातला, आत जांभूळ आणि ऐनाची रोपं लावली. त्या गडग्याच्या आत पुन्हा कुऱ्हाड गेली नाही.

वैद्याला गावात तोंड दाखवणं अवघड झालं. एके दिवशी त्यानं सामान बांधलं आणि बायकोसह वेशीपर्यंत आला. तिथे अनशी वाटेत उभी होती.

"राहा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तुम्हाला जे जे माहीत आहे ते आधी इथे सांगा. कशानं काय होतं ते. मग जा."

वैद्य मागे फिरला. देवळासमोरच्या पारावर तो रोज बसू लागला आणि एकेक गोष्ट सांगू लागला. लोक विचारत, अडवत, म्हणत, "दाखवा." मग तो दाखवायचा, आणि एखादी गोष्ट माहीत नसली तर तसं सांगायचा. ते सांगणं काही संपलं नाही, त्यामुळे त्याचं जाणंही झालं नाही. अनशी रोज येऊन पुढे बसायची, सगळं लक्ष देऊन ऐकायची आणि उठून जायची. त्याच्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही.

तात्पर्य: आपल्याला कळलेलं ज्यांच्या जिवाशी बांधलेलं आहे, त्यांना ते वेळेवर, त्यांना समजेल असं सांगावं आणि त्यांच्याच हातांनी पडताळून पाहू द्यावं. उशिरा सांगितलेलं खरं उरलेल्यांच्या कामी येतं, गेलेल्यांच्या नाही.