मेखेचा गैरसमज

फार जुनी गोष्ट आहे बरं का. तेव्हा तंबूच्या मेखाही बोलायच्या. नदीकाठच्या घळींच्या मुलखात केरबा आणि त्याची बायको यशोदा दोन दिवस मोकळ्या हवेत राहायला आले. घळीच्या काठावर मऊ माती बघून केरबानं वाऱ्याकडची मेख ठोकली. एका ठोक्यात ती आत गेली.

शेजारची टिटवी म्हणाली, "अगं, इतक्या सहज गेलीस, यातच मेख आहे बघ."

"आहेच मुळी!" मेख फुशारली. "मीच ती!"

दुपारी वारा सुटला. मेख अलगद उपटून आली आणि तंबू फडफडत घळीकडे निघाला. यशोदेनं धावत जाऊन दोर धरला, म्हणून तो वाचला.

"मऊ जागा शोधलीत होय? हात दुखत होते वाटतं!" ती नवऱ्याला म्हणाली.

मग केरबानं कडक मुरमात दगडानं वीस ठोके घातले. प्रत्येक ठोक्याला मेख "मेले गं!" म्हणत होती.

संध्याकाळी वारा परत आला. तंबू नुसता डुलला. आत दोघं निवांत चहा पीत बसली होती.

टिटवीनं विचारलं, "कशी आहेस गं?"

"डोकं ठणकतंय," मेख म्हणाली, "पण वाऱ्याला म्हणावं, खुशाल ये."